दीडशे शब्दांत निशिकांत

३ जुलै, गुरुवार

"इथे मदत कुणालाही करा, फक्त लेखी काही देऊ नका." निशिकांत हे सोळा वर्षांपूर्वी म्हणाला होता. ऑफिसातला माझा पहिला दिवस. पॅन्ट्रीतलं चहाचं मशीन मला चालवता येत नव्हतं आणि हा मागे कप धरून उभा. तेव्हा आम्ही अहो-जाहो करायचो. आता तो मला "ए बाई" म्हणतो.

वाक्य आज आठवलं, कारण आज मी नऊ जणांना लेखी दिलं!

ऑफिसात 'उद्देश सप्ताह' सुरू झालाय. आमची कंपनी बँकांना पैसे इकडून तिकडे पाठवायचं सॉफ्टवेअर विकते. त्यात उद्देश कसला असायचा? पण सिडनीच्या मुख्य ऑफिसला वाटतं की असतो, आणि प्रत्येकाने तो दीडशे शब्दांत लिहून द्यायचाय. उद्यापर्यंत. फॉर्मवर प्रश्न दोनच. तुम्ही इथे का आहात? आणि – पगाराचा प्रश्नच नसता तर काय केलं असतं?

मी इथे साहेब लोकांची भाषणं, कंपनीची पत्रकं, वाढदिवसाचे संदेश लिहिते. वर दिवाळी अंकात वर्षाला एक गोष्ट. म्हणजे सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या या अकराव्या मजल्यावर 'लिहिणारी' मीच. सकाळपासून रांग. शिरीष – प्रॉडक्टमधला, पुण्याचा, आमच्या गुरुवारच्या मराठी जेवणाच्या टेबलाचा स्वयंघोषित अध्यक्ष – म्हणाला, "सुचित्राताई, माझ्यात जरा कम्युनिटी घाला. तीन-चारदा आली तरी चालेल." मीठ घाला म्हणावं तसं.

घातली. चारदा.

४ जुलै, शुक्रवार

निशिकांत पाच वाजता उगवला. पाचलाच फॉर्म बंद होणार होता, मग तो सहापर्यंत वाढला – इथे कुणीच वेळेत उद्देशापर्यंत पोचत नाही.

निशिकांत नियमपालन विभागात आहे. दुसऱ्यांच्या करारांतली सगळ्यात बारीक अक्षरातली ओळ शोधायची, हे त्याचं काम. वीस वर्षं हेच.

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर घे," म्हणाला. "मी इथे का आहे? कामाचा पास आहे म्हणून. पास का आहे? इथे आहे म्हणून. झालं."

"हे लिहू?"

"नको. काहीतरी गोड लिही. कोण वाचतंय!"

त्याने पीआरसाठी – इथे कायम राहायच्या परवानगीसाठी – तीनदा अर्ज केला, तीनदा नकार आला. कारण सांगत नाहीत. आमच्या घरचं एका फटक्यात झालं, त्याचंही कारण सांगितलं नाही. म्हणून नोकरी आहे तोवर पास, पास आहे तोवर घर, मुलीची शाळा, सगळं. हे काही दीडशे शब्दांत बसत नव्हतं.

मग खाली फूडकोर्टात बसले आणि दुसऱ्या प्रश्नावर हात जो चालला! इंग्रजीत लिहिलं, पण डोक्यात सगळं मराठीतच आलं –

'माझ्या गावी तहसील कचेरीसमोर एक टेबल टाकीन. ज्यांना लिहिता येत नाही, किंवा येतं पण साहेबासाठी लिहायचं म्हटलं की हात कापतो, त्यांचे अर्ज लिहून देईन. आधी माणूस बोलेल ते सगळं ऐकेन. मग लिहीन. मग मोठ्याने वाचून दाखवीन. तो "हो, असंच" म्हणाला की सही घेईन. संध्याकाळी नदीवर जाऊन बसेन.'

वीस मिनिटं लागली. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. बाकी नऊ जणांचं लिहून तर डोकं दुखलं होतं.

निशिकांतने न वाचताच पाठवून दिलं. निशिकांतने!

९ जुलै, बुधवार

तीनशे चाळीस उद्देशांतून निशिकांतचा पहिला आला.

लॉबीतल्या मोठ्या पडद्यावर त्याचा फोटो – पासवरचाच, पकडून आणल्यासारखा – आणि शेजारी माझं टेबल, माझी नदी. लिफ्टची वाट बघणारे लोक वाचत होते. तो माझ्या जागेपाशी आला तो लालबुंद.

"ए बाई, हे काय? माझं गाव डोंबिवली!"

"मग?"

"मग काय! तिथे तहसील कचेरीच नाही. ती कल्याणला. आणि संध्याकाळी नदीवर? खाडीवर जाऊन बसू का मी, नाक धरून?"

आम्ही दोघं इतके हसलो की बाजूच्या टीमने काचेवर टकटक केली.

दुपारी ग्वेन त्या पडद्यासमोर उभी दिसली. ग्वेन म्हणजे आमची 'पीपल अँड पर्पज' प्रमुख. गेल्या वर्षापर्यंत नुसती एचआर होती. डोळे पुसत म्हणाली, "निशी, वीस वर्षं तू हे आत ठेवलंस? सो डीप, यू!"

निशिकांत म्हणाला, "थँक यू." दुसरं काय म्हणणार?

१० जुलै, गुरुवार

हॉकर सेंटरमधलं आमचं टेबल. सहा मराठी माणसं, सहा स्टॉलवरून आणलेलं जेवण, आणि चर्चा कायम एकच – परत जायचं की नाही. सोळा वर्षांत या टेबलावरून एकही माणूस परत गेलेला नाही. गेले ते सगळे ऑस्ट्रेलियाला.

शिरीष नाराज होता. "माझ्यात कम्युनिटी चारदा होती," म्हणाला. "याच्यात एकदाही नाही. निकष काय आहेत ते एकदा कळू देत."

निशिकांतने त्याला आपल्या ताटातला डोसा दिला.

१७ जुलै, गुरुवार

आज चर्चासत्र झालं. 'समाज, करिअर, उद्देश – सहकाऱ्यांच्या मनमोकळ्या गप्पा.' मनमोकळ्या गप्पांची संहिता मीच लिहिली होती, पंधरा पानं. हशा कुठे येईल तेही कंसात.

चौघा वक्त्यांना बसायला गाद्यागिरद्यांसारख्या मऊ पिशव्या. निशिकांतचे गुडघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. एकदा खाली बसला तो वर येईना, म्हणून बसूनच बोलला. मधे दुसऱ्या पानावर आला आणि थांबला. चष्मा! खिसे चाचपतोय, मान खाली, पाच सेकंद, दहा सेकंद. सभागृह चिडीचूप. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. चष्म्याच्या शोधाला उभं राहून टाळ्या पडल्या!

सिडनीचे मोठे साहेब स्क्रीनवर होते. म्हणाले, इतका खरा माणूस मी या कंपनीत पाहिला नव्हता.

मी शेवटच्या रांगेत. मजा वाटली, हे कबूल करते. थोडा हेवाही वाटला. कशाचा, ते कळलं नाही.

१८ जुलै, शुक्रवार

कालच्या चर्चासत्राचा व्हिडिओ अकरा हजार जणांनी पाहिला. साधनाचा – निशिकांतच्या बायकोचा – मेसेज: "आमचे हे कचेरीसमोर बसणार म्हणे. सतरंजी पाठवू का बरोबर?"

१ ऑगस्ट, शुक्रवार

सरळ लिहून काढते.

सकाळी नऊला ग्वेनने बोलावलं. सिंगापूर ऑफिसातल्या आठ जागा कमी करायच्यात. शेवटचा दिवस तीस सप्टेंबर. घोषणा मी लिहायची – "तुझ्या त्या ऊबदार भाषेत." यादी पुढे सरकवली. सात नावं वाचून वाईट वाटलं. आठवं निशिकांतचं.

मी म्हटलं, "हे चुकून आलंय."

ग्वेन हसली. इतकं प्रेमळ हसली! "सुचित्रा, सात जणांसाठी मला रात्रभर झोप नव्हती. फक्त निशीचं समाधान आहे. सिडनीला विचारलं, नियमपालनातल्या दोघांपैकी कुणाला सोडायचं? ते म्हणाले, ज्याला जायचंच आहे त्याला आपण अडवून धरायचं? त्याच्या उद्देशाच्या आड आपणच यायचं?"

त्याला साडेदहाला सांगितलं. त्याने म्हणे शांतपणे ऐकलं आणि कागद वाचायला मागितला. शेवटपर्यंत वाचला. आता वाचला!

नोकरी संपली की पास रद्द. मग तीस दिवस. म्हणजे तीस ऑक्टोबर. त्यांच्या अवनीची दहावीची बोर्डाची परीक्षा – इथली ओ लेव्हल – ऑक्टोबरात सुरू होते, शेवटचा पेपर बारा नोव्हेंबरला. तिचा पास बापाच्या पासला बांधलेला. अर्धे पेपर इथे देऊन बाकीचे काय डोंबिवलीत देणार?

घोषणा लिहिली. 'निशिकांत आता त्यांच्या खऱ्या हाकेला ओ देत आहेत' – ही ओळ ग्वेनची. मी फक्त पूर्णविराम टाकला. तेवढाही टाकायला नको होता.

२ ऑगस्ट, शनिवार

युनोसला त्यांच्या घरी गेले. दार साधनाने उघडलं. निशिकांत घरात नव्हता, कुणालातरी भेटायला गेला होता. आतल्या खोलीचं दार बंद; अवनी जुने पेपर सोडवत होती. घड्याळ लावून.

साधनाने चहा केला. रागावली असती तर बरं झालं असतं.

"सुचित्रा, तुझी गोष्ट छापून आली की आधी मी वाचते. तुझी भाषा मला कळते. 'आधी माणूस बोलेल ते सगळं ऐकेन' – आमच्या घरातला माणूस असं बोलतो होय? तो आधी माणसाला थांबवतो!"

मी मान हलवली.

"मग त्याने सांगितलं. तुझ्यावर चिडला नाहीये तो. स्वतःवर चिडलाय, वाचलं नाही म्हणून." मग हळूच, दाराकडे बघत – "पोरीचा वेगळा विद्यार्थी पास मागितलाय. कळवू म्हणतात. मिळाला तरी सोळा वर्षांच्या पोरीला परीक्षेत कुणाकडे ठेवू? मला दुसरं काही नको गं. पीआर नको, काही नको. मला फक्त बारा नोव्हेंबर पाहिजे."

चहा गार झाला. निघताना अवनी पाणी प्यायला बाहेर आली. "हाय मावशी," म्हणाली आणि लगेच परत आत. घड्याळ चालू होतं तिचं.

४ ऑगस्ट, सोमवार

ग्वेनला सगळं सांगितलं. म्हटलं, मजकूर माझा. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. त्याने वाचलासुद्धा नव्हता.

ग्वेनने माझा हात हातात घेतला. "तू किती चांगली मैत्रीण आहेस! त्याच्यासाठी इतकं बोलतेस. ऑफ कोर्स तू लिहिलंस. माझा उद्देशही तूच लिहिलास, नो?"

हो. तिचा सातवा होता.

"शब्द तुझे. पण इच्छा त्याची. मी त्याचे डोळे पाहिले स्टेजवर."

चष्मा शोधत होता, म्हटलं. तिला वाटलं, मी विनोद करते.

मग म्हटलं, निदान बारा नोव्हेंबरपर्यंत ठेवा. मुलीची परीक्षा आहे. आता ती खरंच गंभीर झाली. तिलाही मुलगी आहे. कॅल्क्युलेटर काढावा तसा चेहरा करून म्हणाली, "तिमाही तीस सप्टेंबरला संपते. सिडनीने आठचा आकडा दिलाय. एकाला ठेवलं तर दुसऱ्या कुणाला तरी काढावं लागेल. कुणाचं नाव सांगतेस?"

मी खुर्ची मागे सरकवली.

उठताना तिने आणखी एक सांगितलं. माझ्यासाठी नवीन पद तयार होतंय. 'मुख्य कथाकार'. चार देशांतल्या लोकांचे उद्देश मी लिहायचे.

"काँग्रॅट्स, हं!"

६ ऑगस्ट, बुधवार

घरी आज जेवताना विषय निघालाच. प्रबोध, माझा नवरा, रॅफल्स प्लेसच्या बँकेत जोखीम मोजतो; घरीही मोजतो. "तू लिहिलंस, त्याने वाचलं नाही. पन्नास-पन्नास टक्के," म्हणाला. मग, "त्याच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलाय मी." हे चांगलं केलं त्याने, आणि मला न सांगता केलं.

जाई ताटात बघत म्हणाली, "अवनी नॉट टॉकिंग टू मी, आई. यू रोट दॅट थिंग, अह?"

"हो."

"व्हाय लाइक दॅट?" मग मराठीत, मला नीट कळावं म्हणून – "का पण?"

उत्तर प्रबोधनेच दिलं, "आईला लिहायला आवडतं म्हणून."

मग तो नव्या पदाबद्दल बोलत राहिला. बुकित तिमाहच्या या घरात मला लिहायला खिडकीशी एक टेबल करून द्यायचं त्याच्या मनात आहे. चांगला माणूस आहे. "आणि नसतं झालं ते पद, तरी आपल्याला काय," म्हणाला. "आपण पीआर. तुझी नोकरी गेली तरी तीस दिवसांत निघा असं कुणी म्हणणार नाही."

हे वाक्य मला अख्खी संध्याकाळ पुरलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या नॅशनल डे, म्हणून आज सगळं ऑफिस लाल-पांढऱ्यात. त्यातच निशिकांतचा निरोप उरकला. दोन महिने आधी! सप्टेंबरात ग्वेन रजेवर आहे.

बाकी सात जणांना ई-मेल. निशिकांतला केक. आणि भेट – कल्पना ग्वेनची, वर्गणी सगळ्यांची, माझीही – एक घडीचं टेबल. खरंखुरं. ॲल्युमिनियमचे पाय, वर कंपनीचं चिन्ह. सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. शिरीषने त्यावर कोपर टेकून फोटो काढला आणि भाषण केलं. त्यात कम्युनिटी मोजून सहादा आली.

निशिकांत ते टेबल काखेत घेऊन एमआरटीने घरी गेला. मी पाया लेबार स्टेशनपर्यंत बरोबर होते. सरकत्या जिन्यावर टेबल आडवं झालं, मागच्या काकांना लागलं. "सॉरी अंकल, सॉरी," – त्याचं आपलं चाललंय. फलाटावर माझ्याकडे बघून म्हणाला, "अवनीला होईल अभ्यासाला. तिचं डगमगतं."

मी परत वर आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

१० ऑगस्ट, रविवार

काही नाही. दिवसभर कपाट आवरलं. काही सापडलं नाही, काही शोधत नव्हतेच.

१२ ऑगस्ट, मंगळवार

निशिकांतच्या तीन मुलाखती झाल्या. जेवायच्या सुट्टीत खालच्या बाकावर बसून सांगत होता, हसत.

"पहिला म्हणतो, तुमचा व्हिडिओ पाहिला, माझ्या मिसेस रडल्या. दुसरा म्हणतो, सर, तुम्हाला खरंच ही नोकरी हवी आहे? तुम्ही आमच्याकडे सहा महिने तरी टिकाल? मी म्हटलं, अहो मी वीस वर्षं एका खुर्चीत टिकलोय! तर म्हणतो, तेच ना, आता तुम्हाला मोकळं व्हायचंय."

"आणि तिसरा?"

"तिसरी बाई होती. तिने भाचीचा अर्ज लिहून मागितला. शाळेच्या प्रवेशाचा." थांबला. "मी म्हटलं, मला लिहिता येत नाही."

प्रबोधने सांगितलेल्या दोन्ही ठिकाणांहूनही तसंच काहीतरी कळलं. तो व्हिडिओ काढून टाका म्हणून निशिकांतने ग्वेनला मेल केली होती. उत्तर आलं – हा आता आपल्या सगळ्यांचा आहे.

अवनीचे सराव पेपर छान जाताहेत, म्हणाला. घरात कुणी तिला तारखांचं बोलत नाही. कॅलेंडरवर तीस ऑक्टोबरला लाल गोल आहे, तोही तिनेच केलाय.

मग एकदम विचारलं, "ए बाई, खरं सांग. ते गाव कुठलं? ती कचेरी, ती नदी. सुचलं कुठून तुला?"

"असंच सुचलं," म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. करारातली बारीक ओळ शोधताना पाहतो तसं. मग डबा बंद केला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज जेवणाच्या टेबलावर गेले नाही. ग्वेनला मेल पाठवली. प्रबोधला प्रत ठेवली – घरी समोर बसून सांगायचं धैर्य नाही म्हणून. दोघंही नाही म्हणतील. ग्वेन हात हातात घेऊन, प्रबोध आकडे मांडून. जाई काय म्हणेल ते माहीत नाही. लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, मोठ्याने एकदा वाचूनही पाहिलं:

'तू म्हणालीस, शब्द माझे पण इच्छा निशिकांतची. इच्छाही माझीच होती. ते गाव कराड आहे, माझं. कचेरीसमोरचं ते टेबल मला हवंय. त्याला ते कधीच नको होतं. तू नाव विचारलं होतंस. आठव्या ओळीवर त्याच्या जागी माझं घाल, त्याला बारा नोव्हेंबरपर्यंत तरी राहू दे, आणि तुम्ही दोघंही मला जाऊ द्या.'